भिवंडीचे यंत्रमाग आणि यंत्रविषयक कायद्याची मर्यादारेषा

१

युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनासाठी केलेला कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. आपल्याकडे त्याचा विचार बहुधा तंत्रविद्येचा विषय म्हणून होतो. प्रस्तुत निबंधात तो कारखानेविषयक कायद्यांच्या परंपरेत ठेवून पाहावयाचा आहे. यंत्रावर नियंत्रण ठेवू पाहणारा प्रत्येक कायदा कोठे तरी एक मर्यादारेषा आखतो. त्या रेषेपलीकडे काय घडते, हे पाहण्यास भिवंडीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

२

इंग्लंडमध्ये १८०२ साली गिरण्यांतील मुलांसाठी पहिला कायदा झाला. परंतु वेतनी निरीक्षक नसल्यामुळे तो बव्हंशी कागदावरच राहिला. १८३३ च्या कायद्याने चार निरीक्षक नेमले, आणि तेव्हापासून कारखान्यांची तपासणी ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरली. हिंदुस्थानातील १८८१ च्या कायद्यामागे मजुरांविषयीच्या कळवळ्याबरोबरच लँकेशायरच्या गिरणीमालकांचा व्यापारी स्वार्थही होता, हे अभ्यासकांस ज्ञात आहे. तो कायदा शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासावर, १९२२ मध्ये विसावर आणि १९४८ च्या कायद्याने, यांत्रिक शक्ती वापरली जात असल्यास, दहावर आली. या क्रमात मजुरांचा स्वतःचा आवाजही होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने आपल्या मागण्यांचा अर्ज सरकारपुढे मांडला. १८९१ ची दुरुस्ती या चळवळीला वगळून समजून घेता येणार नाही.

३

भिवंडी हे मूळचे हातमागाचे गाव. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे वीज आली आणि हातमागांची जागा यंत्रमाग घेऊ लागले. त्यांतील पुष्कळसे गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग होते. १९५६ च्या वस्त्रधोरणाने गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली. हेतू हातमागाच्या रक्षणाचा होता. लाभ मात्र मुख्यतः यंत्रमागाच्या पदरी पडला. अबकारी करातील सवलत लहान घटकांसाठी होती. कारखाने कायदा दहा माणसांपासून पुढे लागू होत होता. साहजिकच एका छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर नोंदविले जाऊ लागले. अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९६४ मध्ये या धंद्याचा परामर्श घेतला. १९८५ च्या धोरणाने मागांची नोंदणी आवश्यक केली. परंतु त्यापूर्वीच, १९८२ च्या संपानंतर, मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम मोठ्या प्रमाणावर इकडे वळले होते. तात्पर्य, भिवंडीचे अर्थकारण कायद्याच्या अभावातून घडले असे म्हणणे पुरेसे नाही. ते कायद्यांच्या सीमारेषांवर घडले. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर उभी राहिलेली गोदामे हे त्याचेच दुसरे उदाहरण होय. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे राहिली आणि वाढली.

४

युरोपीय कायद्याने माणसे मोजण्याची पद्धत बहुतांशी सोडून दिली आहे. यंत्र कोणत्या कामी लावले जाते आणि त्यापासून धोका किती, यावरून तो वर्ग पाडतो. कामाच्या ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावरून वा आवाजावरून त्याच्या भावना ताडणारी यंत्रणा, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून निषिद्ध आहे. निषिद्ध प्रकारांच्या भंगासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या सात टक्के, यांतील मोठ्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. कामगारांची निवड, कामाची वाटणी, देखरेख व मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणा ‘उच्च जोखमी’च्या वर्गात येतात. त्यांच्यावरील बंधनांसाठी मूळ कायद्यात २ ऑगस्ट २०२६ ही तारीख होती. ती लांबविण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला. तपासणीचे काम सदस्य राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांकडे आहे, तर सर्वोपयोगी प्रतिमानांवर आयोगाचे स्वतंत्र कार्यालय लक्ष ठेवते.

येथे भिवंडीचा अनुभव उपयोगी पडतो. आपली यंत्रणा या यादीतील कामासाठी असली तरी तिच्यापासून लक्षणीय धोका नाही, असे विशिष्ट अटींवर ठरविण्याची मुभा उत्पादकास आहे. त्याची कारणे त्याने लिहून ठेवावयाची व यंत्रणेची नोंदणी करावयाची असते. व्यक्तींची पारख करणाऱ्या यंत्रणांना ही मुभा मुळीच नाही. तरीही पहिला निर्णय त्याचाच. आपला कारखाना कायद्यात बसतो की नाही हे मालकाने ठरवावे, त्याच प्रकारची ही रचना आहे. तिचे यश नंतर येणाऱ्या निरीक्षकाच्या संख्येवर, अधिकारावर आणि चिकाटीवर अवलंबून राहील.

५

हा कायदा युरोपबाहेरच्या उत्पादकासही बांधतो. पण त्याचा माल वा त्याचे फलित युरोपात वापरले जात असेल तरच. गोदामातील कामाचा वेग संगणकाने मोजण्याची पद्धत जगभर रूढ होत आहे. एकाच यंत्रणेखाली काम करणाऱ्या युरोपातील कामगारास या कायद्याचे जे संरक्षण लाभावयाचे आहे, ते भिवंडीतील कामगारास त्या कायद्याने मिळत नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. त्याच महिन्यात लागू झालेल्या श्रमसंहितेने कारखान्याच्या व्याख्येतील दहाची मर्यादा पुन्हा विसावर नेली. १८८१ पासून खाली येत गेलेली रेषा अशा रीतीने वर सरकली आहे. या दोन घटना एकत्र वाचल्या म्हणजे, नव्या यंत्राच्या नियमनाचा प्रश्न जुन्या यंत्राच्या नियमनापासून वेगळा काढता येत नाही, हे ध्यानात येते.