आकाशातील वाटा

पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेले हदगाव १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होते. नदीपलीकडील उमरखेड वऱ्हाडात होते. ही हद्द ओलांडणाऱ्या मालाला करोडगिरीच्या नाक्यावर थांबावे लागे. बिनतारी लहरींना मात्र नाका ठाऊक नव्हता. हैदराबादचे ‘डेक्कन रेडिओ’ हे केंद्र १९३५ साली सुरू झाले. त्याची लहर ४११ मीटरांची, म्हणजे ७३० किलोसायकलची होती. हदगावापासून हे केंद्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. पोलीस कारवाईनंतर, २३ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाचे भाषण याच केंद्रावरून प्रक्षेपित झाले. अशा घटकेला शब्द स्पष्ट ऐकू येणे किंवा खरखरीत बुडून जाणे, ही किरकोळ बाब नव्हे.

ही खरखर रात्रीच का वाढते, याचे कारण वातावरणात आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात. आकाशाकडे गेलेल्या लहरी विद्युत्‌भारित अशा खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोसांवर उतरतात. मग दूरदेशीचे केंद्र जवळच्या केंद्राच्या वाटेत येते. दोघांच्या आकड्यांत एकाच किलोसायकलचे अंतर असेल, तर तो फरकच ग्राहकयंत्रात शिळेच्या रूपाने ऐकू येतो.

तेव्हा वाटा वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे लहरपट्टे ठरविण्यात आले. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. परंतु केंद्रे वाढत गेली आणि गर्दीही वाढली. अखेर १९७५ साली जिनिव्हा येथे युरोप, आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया या खंडांतील राष्ट्रांनी मध्यम लहरींची नवी मांडणी मान्य केली. प्रत्येक केंद्राचा आकडा नऊने भाग जाणारा असावा व शेजारच्या दोन वाटांत नऊ किलोहर्ट्झचे अंतर राहावे, असा नियम झाला. किलोसायकललाच आता किलोहर्ट्झ म्हणू लागले होते. ही मांडणी २३ नोव्हेंबर १९७८ रोजी अमलात आली. निजामकाळी ७३० वर बोलणारे हैदराबाद या व्यवस्थेत ७३८ वर आले. परभणीस १३०५ हा आकडा मिळाला. दोन्ही आकड्यांना नऊने निःशेष भाग जातो. अर्ध्याहून अधिक जगाने एका ठरल्या दिवशी वाट बदलली, ती कोणा एकाच्या सोयीसाठी नव्हे, तर सर्वांचे ऐकू यावे म्हणून.

आज हेच काम घरातील लहान यंत्रे क्षणोक्षणी करतात. ब्लूटूथची जोडणी एका सेकंदात १६०० वेळा वाट बदलू शकते; जी वाट गजबजलेली आढळेल ती पुढे टाळते. वाय-फायची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काही हवामान-रडारे पूर्वीपासून काम करीत होती. त्यांना व्यत्यय येऊ नये म्हणून २००३ च्या जिनिव्हा परिषदेने वाय-फायसारख्या यंत्रांवर बंधन घातले. त्या नियमांनुसार या पट्ट्यातील रडारच्या भागात यंत्राने बोलण्यापूर्वी साधारण एक मिनिट ऐकावे लागते; रडारचा स्पंद आढळताच दहा सेकंदांत ती वाट सोडावी लागते आणि अर्धा तास तिकडे परतता येत नाही. भारतात या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरात परवान्याविना वापरास खुला झाला.

ढगांतील गारा व पाऊस यांचा वेध घेणे हे रडारचे काम. त्या वेधावर मराठवाड्यातील उभे पीक वाचविण्याची संधी अवलंबून असू शकते. म्हणून घरातील करमणुकीने वाट सोडावी आणि इशाऱ्याने पुढे जावे, हा क्रम योग्यच होय. आकाशाला नाके नाहीत. तेथील शिस्त आधी ऐकणाऱ्याच्याच भरवशावर चालते.