कळंब सरकार व दक्षिणेंतील पक्षभेद

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब हें चिंतामणि गणपतीचें क्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. परंतु मोंगली अमदानींत तें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. ऐन-इ-अकबरींत अबुल फजलानें हें ‘कल्लम’ जुनें व मोठें शहर असून तेथील म्हशी नामांकित असल्याचें नमूद केलें आहे.

हें सरकार बादशाही दप्तरांत आलें, तें केवळ मोंगली तरवारीच्या जोरावर नव्हे. तुफालखानानें बुऱ्हाण इमादशहास नरनाळ्यावर कोंडून सत्ता बळकाविली. धन्यास सोडविण्याच्या निमित्तानें मुर्तजा निजामशहानें वऱ्हाडांत स्वारी केली. सन १५७४ त धनी व चाकर दोघेही कैदेंत पडून इमादशाही बुडाली. सन १५९५ त तोच प्रसंग निजामशाहीवर गुदरला. वारसाच्या तंट्यांत मियाँ मंजूनें हबशी सरदारांविरुद्ध शहाजादा मुराद यास पाचारण केलें. पुढें त्यास पश्चात्ताप झाला, पण बोलावलेला पाहुणा परतेना. चांदबिबीनें अहमदनगर राखलें. मात्र १५९६ च्या तहांत वऱ्हाड द्यावें लागलें.

तथापि दप्तरांत नांव चढलें म्हणजे अंमल बसला असें नव्हे. याच सरकारालगत चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी १,००० स्वार व ४०,००० पायदळ बाळगून असल्याचें ऐनच सांगते. पक्षद्वेष परसत्तेस दार उघडून देतो; ती आंत कितपत शिरली, हें ठरविण्यास मात्र या भागांतील देशमुख-देशपांडे घराण्यांचींच दप्तरें धुंडाळलीं पाहिजेत.