चेहऱ्याची नस आणि मानसिक ताण

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याच्या हालचाली सांभाळते. आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, ओठ आवळणे ही कामे तिचीच. एका बाजूची नस अधू झाली की सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते, घास गालात अडकतो, डोळा पुरता मिटत नाही. भंडाऱ्यात, आणि एकूणच विदर्भात, याला सरसकट ‘लकवा मारला’ म्हणतात. कारण विचारले तर गार वारा, नाहीतर ‘टेन्शन’ असे उत्तर मिळते.

यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे बेल्स पाल्सी. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये या नसेचे कार्य मांडले, त्यावरून हे नाव पडले. कानामागच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जाताना नस सुजते आणि तिथेच आवळली जाते. शरीरात सुप्त असलेला नागिणीच्या कुळातील विषाणू पुन्हा जागा होतो, असा दाट संशय आहे. ताणाने प्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे ताणाचा हातभार लागणे शक्य आहे. पण ताण हेच कारण, असे सिद्ध झालेले नाही. आजार झाल्यावर माणूस मागे वळून भांडण, कर्ज, घरातला मृत्यू आठवतो आणि दोन्हींची सांगड घालतो. मधुमेह आणि गरोदरपण यांचा संबंध याहून पक्का आहे. सुश्रुतसंहितेत ‘अर्दित’ या नावाने चेहरा वाकडा होण्याचे वर्णन आहे. तिथेही गर्भिणी आणि बाळंतिणींचा उल्लेख येतो, ही बाब लक्षणीय आहे.

भावनांचा परिणाम ठळक दिसतो तो फडफडण्यात. थकवा, जागरण, चहाचा अतिरेक आणि काळजी यांनी पापणी लवते. ते बहुधा आपोआप थांबते. अर्ध्या चेहऱ्याला सतत झटके येत असतील, तर बहुतेकदा रक्तवाहिनी नसेवर दाबत असते. चारचौघांत बोलताना किंवा राग आल्यावर झटके वाढतात. म्हणजे ताण लक्षण वाढवतो, मूळ दोष निराळाच असतो.

भंडारा जिल्ह्यासाठी सर्वांत महत्त्वाची बाब कुष्ठरोगाची आहे. पूर्व विदर्भात या रोगाचे प्रमाण राज्याच्या इतर भागांपेक्षा अधिक राहिले आहे. गालावर किंवा डोळ्याजवळ चट्टा असून तो अचानक लाल होऊन सुजला, तर आतली नस दुखावून पापणी मिटेनाशी होऊ शकते. डोळ्याची संवेदनाही गेली असेल, तर धानाच्या मळणीत उडालेले कुसळ खुपल्याचे कळत नाही आणि बुबुळाला जखम होते. कुष्ठरोगात अंगावर दुखऱ्या गाठी उठण्याच्या प्रतिक्रियेला चालना देणाऱ्या गोष्टींत संसर्ग आणि गरोदरपणाबरोबर मानसिक ताणही वैद्यकीय ग्रंथांत नोंदलेला आहे. परंतु नस दुखावते ती रोगामुळे. अशा रुग्णाला ‘टेन्शन घेऊ नको’ एवढेच सांगून परत पाठवणे अक्षम्य आहे. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि नस अलीकडेच अधू झाली असेल तर स्टेरॉइडने ताकद परत येऊ शकते.

बेल्स पाल्सीत पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. बरेच रुग्ण औषधाविनाही काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतात, म्हणूनच झाडफुकीला यश मिळाल्यासारखे वाटते. तोवर डोळा जपावा: दिवसा थेंब व चष्मा, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवणे.

चेहरा वाकडा होण्यामागे मेंदूचा पक्षाघातही असू शकतो; तो ओळखण्याची खूण कपाळावर असते. बेल्स पाल्सीत त्या बाजूची भुवई वर जात नाही. मेंदूच्या पक्षाघातात बहुधा जाते, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. ही खूण मात्र डॉक्टरांनी तपासायची. घरी तिच्या भरवशावर थांबू नये. तोंड वाकडे होऊन बोलणे अडखळत असेल, किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर ताबडतोब 108 ला फोन करावा.