तापीकाठची एक खोटी नोंद

दसरा झाला की जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळची गर्दी थोडी बदलते. रोज फिरायला येणारे असतातच. त्यांच्यात आता गळ्यात दुर्बीण अडकवलेली दहा-पंधरा मंडळी दिसू लागतात. कोणी शाळकरी, कोणी निवृत्त, कोणी नुकताच नवा कॅमेरा घेतलेला. पुढे एखादा जाणता चालत असतो. हळू आवाजात तो दाखवत जातो: तो थापट्या, ती चक्रवाकाची जोडी, ते काळे वारकरी. मेहरूणची बोरे पिकायला अजून अवकाश असतो, पण पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात. फेरी संपली की सगळे काठावर बसून यादी करतात. अशा वेळी एखाद्या मुलाने उत्साहाने दुर्मीळ नाव सांगितले, तर जाणता लिहिण्याआधी विचारतो, “तू स्वतः पाहिलास? कुठे बसला होता?” मूल गडबडते आणि मग ते नाव यादीत येत नाही.

नवख्याला हा काटेकोरपणा जाचक वाटतो. पण खानदेशात तरी त्याची किंमत आपण मोजलेली आहे. इथल्या एका पक्ष्याचा पत्ता शंभराहून अधिक वर्षे हरवला, आणि त्या हरवण्याला एका खोट्या नोंदीचा हातभार होता.

जंगलात माणसे नेऊन त्यांना प्राणी दाखवण्याची रीत खानदेशात जुनी आहे. फक्त पूर्वी त्या सहलींच्या शेवटी बंदूक असे. १८२५ मध्ये कंपनी सरकारने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. ती जेम्स औट्रमने घडवली आणि तिचे ठाणे जळगावजवळच्या धरणगावला होते. ज्यांच्याशी लढायचे त्यांनाच औट्रमने शिकारीच्या निमित्ताने जवळ केले. त्याच्या खानदेशातल्या सुमारे दहा वर्षांच्या हिशेबात १९१ वाघ मांडलेले आहेत. चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला त्याचे नाव मिळाले आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या पाटीवर ते आजही आहे. पण एकशे एक्याण्णव वाघांचा माग काढायचा तर पाणवठा, पायवाट आणि ठसा ओळखणारी माणसे लागतात. ती बहुतेक भिल्ल होती. मोजदादीत वाघ आले, साहेब आला. वाट दाखवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे कागदावर उतरली. ती नोंद खोटी नव्हती, अपुरी होती. अपुरेपणाचा हा धागा पुढेही लागतो.

शिकारी साहेबांच्या मागोमाग पक्षी जमवणारे साहेब आले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा त्या काळी हिंदुस्थानातल्या पक्षी-अभ्यासाचा मध्यबिंदू होता. ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक तो चालवी आणि देशभरातले अधिकारी त्याला पक्ष्यांची कातडी पाठवीत. एफ. आर. ब्ल्युइट याने १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागातून एक लहानसा पिंगळा पाठवला. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे होते, पंखांवरचे पट्टे ठसठशीत होते आणि पाय अंगाच्या मानाने दणकट. ह्यूमने १८७३ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव दिले. आपण मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतो.

१८७७ मध्ये ओडिशातल्या खरियारजवळ व्हॅलेंटाइन बॉलला दुसरा मिळाला. त्यानंतरचे खरे नमुने सगळे खानदेशातले. मुलकी सेवेतला अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत शहादा-तळोदा भागातून हे पक्षी मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्याची यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली. डेव्हिडसनने पक्षी मारले हे खरेच. पण कुठे आणि केव्हा मारले, हे त्याने नीट लिहून ठेवले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खरी नोंद थांबली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची मोजून सात कातडी होती.

त्या सातांपैकी एकाच्या चिठ्ठीवर वेगळीच माहिती होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हा पक्षी ऑक्टोबर १९१४ मध्ये मांडवीला मिळवल्याचे लिहिले होते. हे मांडवी तापीकाठचेच, पण खानदेशच्या खाली, गुजरातेत. माइनर्ट्‌झहागेनचा दबदबा मोठा होता. त्यामुळे रानपिंगळ्याची शेवटची नोंद म्हणून पुस्तकांत १९१४ आणि मांडवी हेच रूढ झाले. पुढे १९७०च्या दशकात सालिम अली आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासारख्या अभ्यासकांनी शोध घेतला, पण पक्षी काही दिसेना. हळूहळू तो नामशेष झाला असावा, असे बोलले जाऊ लागले.

स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहाबद्दल आधीपासून कुजबुज होती. परवानगीवाचून नमुने नेल्याच्या संशयावरून ब्रिटिश संग्रहालयाने पूर्वी त्याला काही काळ पक्षिविभागात मज्जावही केला होता. प्रत्येक जमवणाऱ्याची कातडे भरण्याची, शिवण्याची एक खास ढब असते, जसे शिंप्याच्या हाताचे वळण असते. मांडवीच्या पिंगळ्याची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा तो उसवून पुन्हा भरलेला निघाला, आणि नव्या भरणाखाली जुना हात ओळखू आला. तो डेव्हिडसनचा होता. म्हणजे खानदेशातला पिंगळा संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, नवी चिठ्ठी बांधून मांडवीचा केला गेला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हा सगळा पुरावा १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडला.

मांडवी खोडल्यावर नकाशा बदलला. एकीकडे पूर्वेची दोन ठिकाणे उरली आणि दुसरीकडे शहादा-तळोदा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये आधी पूर्वेकडे गेले. तिथे हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात आले. डेव्हिडसनच्या काळचे सपाटीवरचे रान तोवर शेतांत गेले होते, म्हणून त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याची विरळ झाडी धरली. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ किंगला एका निष्पर्ण झाडावर पिंगळा दिसला. कोरे डोके, ठळक पट्टे, दणकट पाय. तो उन्हात निवांत बसून राहिला आणि त्याचे छायाचित्रण करता आले. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदला गेला. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता. म्हणजे हा शोध कागदोपत्री धुळे जिल्ह्यात लागला.

‘पुन्हा सापडला’ हा शब्द मात्र मला जरा अडखळवतो. हा पक्षी रात्री दडून राहणाऱ्यांपैकी नाही. दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतो, सरडे-उंदीर टिपतो. पायथ्याच्या पावरा आणि भिल्ल पाड्यांवरून गुरे घेऊन जाणाऱ्यांच्या डोक्यावर तो या ११३ वर्षांतही बसत असणार. त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांच्या पाहण्याला नोंदीची जागा नव्हती. लंडनच्या चिठ्ठीवरचे खोटे अक्षर मात्र पुस्तकांतून पुस्तकांत चालत राहिले.

पुढच्या काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या खकनारला रानपिंगळे शोधले. आपल्या यावल अभयारण्यातही तो आढळला. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या तानसाला दिसल्याने तो केवळ सातपुड्याचा नाही, हेही कळले. जागतिक यादीत २०१८ पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. ही सुधारणा पक्षी एकाएकी वाढल्यामुळे झाली असे समजू नये. शोधणारे डोळे वाढले आणि नवी ठिकाणे कळली, हा त्यातला मोठा भाग.

आता पावसाळा सरला की मेळघाटात, गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पर्यटकांच्या गाड्या सुरू होतात. वाट दाखवायला पुष्कळदा कोरकू तरुण असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारे बंद झाली. जंगल वाचणाऱ्याला निदान या निमित्ताने गळ्यात ओळखपत्र आणि हातात मजुरी मिळू लागली. औट्रमच्या हिशेबात जी जागा कोरी होती, ती थोडीशी भरली.

नवी काळजी दुसरीच आहे. रानपिंगळ्याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबरपासून पुढे, म्हणजे नेमका आपल्या सहलींच्या दिवसांत येतो. मोबाइलवर त्याची हाक वाजवली की तो प्रतिस्पर्धी समजून जवळ येतो, फोटो छान मिळतो, आणि ढोलीजवळचा त्याचा वेळ वाया जातो. त्यातच फोटोसोबत झाडाचा नेमका पत्ता जाहीर झाला, तर पुढच्या रविवारी तिथे आणखी दहा गाड्या येतात. अशा वेळी नोंद खरी असणे पुरत नाही. ती कोणाच्या हाती द्यायची, हेही ठरवावे लागते. अभ्यासकाला आणि वनखात्याला ढोलीचे झाड कळावे, इतरांना अभयारण्याचे नाव पुरे. वाटाड्याने हाक वाजवायला नकार दिला, तर त्याची मजुरी कापू नये, एवढे तर पाहुण्याच्या हातात आहेच.

मेहरूणच्या काठावर रानपिंगळा नाही, आणि तिथल्या यादीने जगाचा नकाशा बदलणार नाही. पण उद्या सातपुड्यात जाणारी मुले लिहायला शिकतात ती इथेच. न पाहिलेला पक्षी यादीतून खोडताना एखादे मूल हिरमुसते. जाणता त्याला म्हणतो, “बाळा, नाव खोडलं म्हणून पक्षी जात नाही. पुढच्या रविवारी ये, परत बघू.”