ठेव आणि देणगी

तळें राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपल्याकडे बहुधा हसत हसतच उच्चारली जाते. परंतु तळ्यांतील पाणी म्हणजे लक्षावधि माणसांच्या म्हातारपणाची ठेव असली, कीं त्या म्हणींतील विनोद संपतो. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत असेंच घडलें.

त्या राज्यांतील पोलीस, आगीच्या बंबावरील जवान, कारकून आणि रस्तेदुरुस्तीचे कामगार यांच्या निवृत्तिवेतनाचा निधि 2006 सालच्या सुमारास दीडशे अब्ज डॉलरांच्या घरांत होता. एवढ्या द्रव्याचा विश्वस्त मात्र एकटाच: राज्याचा कंट्रोलर, म्हणजे मुख्य हिशेबाधिकारी. हा अधिकारी लोकांच्या मतांनीं निवडून येतो आणि निवडणुकीला पैसा लागतो. उलट, या निधीचा अंशमात्र भाग गुंतवणुकीसाठीं हातीं आला, तरी पेढीला मोठा मेहनताना मिळतो. एकाला देणगी हवी, दुसऱ्याला ठेव हवी. अशा वेळीं उघड सौदा करण्याचीही गरज पडत नाहीं.

हा धोका कोणाच्या ध्यानांत आला नव्हता, असें नाहीं. नगरपालिकांच्या कर्जरोख्यांचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांवर 1994 सालींच निर्बंध बसला होता: ज्या अधिकाऱ्यास देणगी दिली, त्याच्या संस्थेचें कांहीं ठराविक काम दोन वर्षें घ्यावयाचें नाहीं. अलाबामांतील विल्यम ब्लाउंट या व्यावसायिकानें त्याविरुद्ध न्यायालयांत धाव घेतली. देणगी देणें हें मतस्वातंत्र्याचेंच अंग आहे, हा त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता. तथापि 1995 सालीं न्यायालयानें निर्बंध कायम ठेवला. पुढें 1999 सालीं सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या मध्यवर्ती मंडळानें निवृत्तिनिधि हाताळणाऱ्या पेढ्यांसाठीं तसाच नियम सुचविला. तो कागदावरच राहिला.

नेमक्या याच काळांत, 2003 ते 2006 या वर्षीं, ॲलन हेवेसी हे न्यूयॉर्कचे कंट्रोलर होते. एका गुंतवणूक-संस्थेंत निवृत्तिनिधीचे 25 कोटी डॉलर गुंतविण्यास त्यांनीं मान्यता दिली आणि परदेशप्रवास, निवडणुकीच्या देणग्या वगैरे रूपानें सुमारे दहा लाख डॉलरांचे लाभ स्वीकारले. 2010 सालीं त्यांनीं गुन्हा कबूल केला. 2011 सालीं त्यांस तुरुंगांत जावें लागलें.

अकरा वर्षें खोळंबलेला नियम त्याच 2010 सालीं मंजूर झाला. पेढीनें अथवा तिच्या प्रमुख माणसांनीं अशा अधिकाऱ्यास देणगी दिली, तर दोन वर्षें त्या निधीच्या कामाचा मेहनताना पेढीस मिळावयाचा नाहीं. व्यक्तीला सूट ठेवली ती एका निवडणुकीपुरती: ज्यास स्वतः मत देतां येतें अशा उमेदवारास 350 डॉलर, इतरास 150 डॉलर.

देणाऱ्याच्या मनांत काय होतें, हें या नियमानें विचारलेंच नाहीं. लांच सिद्ध करावयाची म्हणजे दोघांच्या मनांतील करार उजेडांत आणावा लागतो, आणि त्यांत वर्षें लोटतात. नियमानें कराराचा शोध न घेतां त्यापासून होणारा लाभच काढून घेतला. त्याची झळ क्वचित् निर्दोष देणगीदारासही लागते, हें खरें. परंतु देणगी कीं धंदा, हें त्याला आधीं ठरवितां येतें. ज्याच्या पगारांतून जन्मभर कपात झाली, त्या वृद्ध कामगाराला आपली ठेव उचलून दुसऱ्या विश्वस्ताकडे नेण्याची सोय नसते.