शिक्षेची उद्दिष्टे

गुन्हा सिद्ध झाल्यावर न्यायालय देत असलेल्या शिक्षेमागील हेतू. गुन्ह्याच्या प्रमाणात दंड, इतरांना जरब, गुन्हेगाराला समाजापासून दूर ठेवणे, त्याची सुधारणा आणि पीडिताची भरपाई हे हेतू सामान्यतः मानले जातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ४ शिक्षांचे प्रकार सांगते, त्यांचा हेतू सांगत नाही. तो एकेका गुन्ह्याच्या तरतुदीत शोधावा लागतो. वसईच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चोरीचा खटला चालला, तर कलम ३०३ पाहावे लागते. प्रथमच दोषी ठरलेल्याने पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा माल किंवा त्याची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास मात्र किमान एक वर्ष सक्तमजुरी. एकाच कलमात आधी सुधारणेला वाव आणि नंतर जरब आहे.

सत्र न्यायालयात दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते. ही केवळ औपचारिकता नव्हे. संतोषकुमार बरियार विरुद्ध महाराष्ट्र (२००९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि आरोपी सुधारण्यापलीकडे गेला आहे, हे सरकारपक्षाने पुराव्याने दाखवले पाहिजे, असे बजावले.

सुधारणेचा सर्वांत धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला. भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिला तटबंदी नव्हती. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तिथे शेती करीत, कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. पुढे येरवडा, पैठण येथेही खुली कारागृहे झाली. मात्र तिथे कोणाला पाठवायचे हे कारागृह प्रशासन ठरवते. म्हणजे सुधारणेची संधी देणारा मोठा निर्णय न्यायाधीशाच्या निकालानंतर, न्यायालयाबाहेर होतो. या व्यवस्थेतील हा गंभीर दोष आहे.

पीडिताची भरपाई दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र (२०१३) या निकालानंतर प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे आणि ती दिली वा नाकारली तरी त्याची कारणे नोंदवणे न्यायालयांवर बंधनकारक आहे.