मुक्तस्रोत परवाना व फ्रीवेअर

सॉफ्टवेअर विनामूल्य हाती येण्याचे हे दोन निरनिराळे मार्ग असून, पैसे पडत नाहीत एवढ्याच साम्यावरून त्यांची सर्रास गल्लत होते. भारताच्या प्रताधिकार कायद्यात (१९५७) संगणकाची आज्ञावली वाङ्मयकृतीत गणली जाते; त्यामुळे तिच्या प्रती काढण्याचे, तीत फेरफार करण्याचे व ती वितरित करण्याचे हक्क मुळात प्रताधिकारधारकाकडे असतात आणि त्यांतील कोणते इतरांना मिळाले, हे परवान्यावरून ठरते.

फ्रीवेअरचा परवाना सहसा केवळ वापराची मुभा देतो. आज्ञावलीचा माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, बहुधा निर्मात्याकडेच राहतो. शिवाय घरगुती वापर फुकट, कार्यालयीन वापरास मात्र शुल्क, अशीही अट अनेकदा असते आणि ती क्वचितच कोणी वाचतो. मुक्तस्रोत परवान्यात सोर्स कोड नुसता पाहता येणे पुरेसे नसते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येनुसार तो बदलण्याची, पुन्हा वाटण्याची आणि व्यापारासह कोणत्याही कामी वापरण्याची मोकळीक द्यावी लागते. अटी असतातच : रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्यानुसार (१९८९) सुधारित आज्ञावली दुसऱ्यास देणाऱ्याला तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो, तर एमआयटी परवाना मूळ प्रताधिकाराची व परवान्याची सूचना कायम ठेवण्यापलीकडे फारसे काही मागत नाही.

खरा फरक निर्मात्याने हात आखडता घेतल्यावर कळतो. फुकट मिळणाऱ्या फ्लॅश प्लेअरचे काम ॲडोबीने २०२० अखेर थांबवले, तेव्हा सोर्स कोड बंद असल्याने ॲडोबीच्या परवानगीवाचून तो इतर कोणाला पुढे चालवता आला नाही. त्यावर चालणारे जुने खेळ व चलच्चित्रे जगवण्यासाठी ‘रफल’ ही पर्यायी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहावी लागली. याउलट, ओपनऑफिस या मुक्तस्रोत कार्यालयीन आज्ञावलीची मालकी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर साशंक झालेल्या सहभागी प्रोग्रामरांनी त्याच वर्षी तोच सोर्स कोड घेऊन लिबरऑफिस उभे केले व त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

अक्षरटंकांनाही हे तत्त्व लागू होते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता हा देवनागरी टंक ओपन फाँट लायसन्सखाली असल्याने मराठी प्रकाशकास तो विक्रीच्या पुस्तकात वापरता येतो, त्यातील अक्षरवळण बदलूनही घेता येते, बदललेला टंक वितरित करायचा झाल्यास मात्र तो याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि नुसती टंकाची फाइल सुटी विकता येत नाही.